मुक्तिसदनाचा चरितार्थ : ईश्वरी तरतुदीवरील विश्वासाचा एक ऐतिहासिक विचार

ख्रिस्ती उपासनेत नित्य म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेत एक मागणी भाकरीची आहे, आणि तीही त्या त्या दिवसापुरत्या भाकरीची. रानात इस्राएल लोकांना मिळालेला मान्ना दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवता येत नसे, ही कथा तिच्या पाठीशी आहे. उद्याची चिंता करू नये, हा डोंगरावरील प्रवचनातील उपदेशही आहे. बहुसंख्य ख्रिस्ती समाजाने ही वचने मनोवृत्तीविषयीची म्हणून स्वीकारली. शेतात पेरणी करावी, पगार घ्यावा, कोठारात धान्य भरावे आणि अंतःकरणाने मात्र देवावर विसंबून राहावे, असा त्यांचा अर्थ लावण्यात आला. परंतु प्रत्येक काळात काही थोडी माणसे अशी निघाली की, त्यांनी ही वचने अंदाजपत्रकाचा नियम म्हणून घेतली. निश्चित उत्पन्न नको, वर्गणीदार नकोत, कर्ज तर नकोच. जे लागेल ते देवाजवळ मागावयाचे आणि जे येईल त्यात भागवावयाचे. इतिहासाच्या अभ्यासकाला या दुसऱ्या वर्गाची माणसे विशेष उपयोगाची वाटतात, कारण आपला विश्वास खरा ठरला हे दाखविण्यासाठी त्यांनी हिशेब ठेवले, आणि हिशेब तपासता येतात.

पंडिता रमाबाई यांचे केडगाव येथील मुक्तिसदन ही महाराष्ट्रातील या पद्धतीची सर्वांत मोठी संस्था होय. रमाबाईंच्या चरित्राचा विचार आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होतो : स्त्रीशिक्षणाच्या प्रवर्तक म्हणून आणि धर्मांतरामुळे उठलेल्या वादळाच्या संदर्भात. संस्थेचा चरितार्थ कसा चालत होता, हा प्रश्न भाविक चरित्रकारांनी चमत्कारांच्या यादीवर आणि टीकाकारांनी परदेशी पैशाच्या एका वाक्यावर निकालात काढला आहे. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाकडे पाहावयाचे आहे. आमच्या मते रमाबाईंनी ईश्वरी तरतुदीचे तत्त्व युरोपातून जसेच्या तसे उचलले नाही. ते स्वीकारताना त्यांच्यापुढे त्यांच्याच आयुष्यातील दोन कडू अनुभव उभे होते, आणि मुक्तिसदनाच्या व्यवहाराला जे विशिष्ट रूप आले ते त्या अनुभवांमुळे.

प्रथम या तत्त्वाची वंशावळ थोडक्यात पाहू. जर्मनीतील हाले येथे आउगुस्ट हेर्मान फ्रांके याने १६९५ मध्ये भिक्षापेटीत सापडलेल्या एका लहानशा देणगीवर गरीब मुलांची शाळा सुरू केली. तीतूनच पुढे प्रसिद्ध अनाथगृह उभे राहिले. त्याचे श्रेय फ्रांके देवाच्या तरतुदीला देत असे. पण त्याच अनाथगृहाचा औषधालयाचा आणि छापखान्याचा व्यवसाय भरभराटीचा होता, ही गोष्ट विसरता येत नाही. १७०६ मध्ये तरंगंबाडीला आलेले पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी याच परंपरेतील होते. पुढे सव्वाशे वर्षांनी हालेचाच एक विद्यार्थी जॉर्ज म्यूलर (१८०५–१८९८) इंग्लंडात धर्मोपदेशक झाला. १८३० मध्ये टीनमथ येथे त्याने ठरलेले वेतन सोडले व देवळात एक पेटी ठेवली. १८३५ च्या नोव्हेंबरात फ्रांकेचे चरित्र पुन्हा वाचनात आल्यावर त्याने अनाथगृहाचा संकल्प केला, आणि १८३६ मध्ये ब्रिस्टल येथे भाड्याच्या घरात ते सुरू झाले. १८४९ ते १८७० या काळात ॲशली डाउन येथे पाच विस्तीर्ण इमारती उभ्या राहून सुमारे दोन हजार मुलांची सोय झाली.

म्यूलरच्या संकल्पातील उद्देशांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. अनाथांचा सांभाळ हा त्याचा पहिला उद्देश नव्हता. देव आजही प्रार्थना ऐकतो याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा दुबळ्या विश्वासाच्या लोकांपुढे ठेवणे, हा पहिला उद्देश होता. म्हणजे अनाथगृह हे एका अर्थी प्रमाण म्हणून उभे केले होते, आणि प्रमाणाला शिस्त लागते. म्यूलर कोणाकडेही याचना करीत नसे, उधारीवर माल घेत नसे, प्रत्येक देणगीची पावती देत असे, देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवीत असे आणि दरवर्षी जमाखर्च छापून प्रसिद्ध करीत असे. येथेच चिकित्सक वाचकाच्या मनात शंका येते : गरज छापून लोकांपुढे मांडणे ही याचनाच नव्हे काय? ही शंका म्यूलरलाही सुचली होती. १८४१ च्या डिसेंबरात वार्षिक सभेची व अहवालाची वेळ आली तेव्हा शिल्लक जवळजवळ संपली होती. अशा वेळी अहवाल काढला तर ती आडवळणाची मागणी होईल म्हणून त्याने सभा व अहवाल दोन्ही काही महिने पुढे ढकलली. एवढ्याने शंकेचे पूर्ण निरसन होते असे नाही, कारण पुढे अहवाल निघालेच, आणि त्यांत त्या टंचाईचे दिवसवार वर्णन आले. तथापि आपल्या पद्धतीतील नाजूक जागा कोणती हे त्याला ठाऊक होते, एवढे यावरून निश्चित दिसते.

म्यूलरच्या उदाहरणाने अनेक संस्था निघाल्या. हडसन टेलर याने १८६५ मध्ये काढलेल्या चायना इनलँड मिशनने आपल्या मिशनऱ्यांना ठराविक वेतनाची हमी दिली नाही व निधीसाठी उघड मागणी करावयाची नाही असा नियम केला. म्यूलरचे निवेदन, टेलरच्या मिशनचा वृत्तांत आणि जॉन पेटन याचे आत्मचरित्र हे ग्रंथ रमाबाईंच्या वाचनात आले. इतर देशांत देवावर विसंबून राहता येते, तर हिंदुस्थानात का येऊ नये, असा प्रश्न ते वाचून आपल्या मनात उभा राहिल्याचे त्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात सांगितले आहे.

हा प्रश्न त्यांच्या तोंडी वाटतो तितका साधा नाही. मागितल्यावाचून जे मिळेल त्यावर जगणे ही कल्पना रमाबाईंना ब्रिस्टलहून शिकावी लागली नव्हती. तीत त्यांचा जन्म गेला होता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी गंगामूळच्या अरण्यात आश्रम थाटला, पत्नीला संस्कृत शिकविले, आणि येणाऱ्याजाणाऱ्या यात्रेकरूंच्या आतिथ्यात द्रव्य संपल्यावर कुटुंबासह तीर्थाटनास आरंभ केला. देवळात किंवा घाटावर बसून पुराण वाचावयाचे, आणि श्रोते तांदूळ, वस्त्र, पैसा जे पुढे ठेवतील त्यावर निर्वाह करावयाचा, हा त्यांचा क्रम होता. आपल्या परंपरेत ही अयाचित वृत्ती होय. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात उपजीविकेचे प्रकार सांगताना न मागता मिळालेल्याला ‘अमृत’ आणि मागून मिळविलेल्याला ‘मृत’ अशा संज्ञा दिल्या आहेत. शेतीला तेथे ‘प्रमृत’ म्हटले आहे, म्हणजे तिचा दर्जा भिक्षेच्याही खाली लावला आहे. भक्ताचा योगक्षेम देव वाहतो ही गीतेतील श्रद्धाही या वृत्तीला आधार देणारी होती.

ही व्यवस्था दुष्काळात कोसळली. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत अन्नान्नदशा झाली तेव्हा पुराण ऐकणारे श्रोते स्वतःच उपाशी होते. अनंतशास्त्री, त्यांची पत्नी आणि थोरली मुलगी एकामागून एक मृत्यू पावली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास तेवढे उरले. १८९७ च्या दुष्काळाच्या वेळी रमाबाईंनी या दिवसांची हकीकत लिहिली, तीत देवांवर रोष आहेच. पण त्याहून अधिक रोष आपल्या घराण्याच्या असहायतेवर आहे. शारीरिक कामाची सवय नाही, व्यवहाराचे शिक्षण नाही, आणि जातीच्या अभिमानामुळे भीक मागणे किंवा मजुरी करणे शक्य नाही, अशा कोंडीत माणसे मेली, असे त्यांचे म्हणणे आहे. अयाचित वृत्तीचा याहून कठोर हिशेब त्या वृत्तीत वाढलेल्या दुसऱ्या कोणी मांडला असेल असे वाटत नाही. म्हणून जेव्हा त्याच रमाबाई पुढे पुन्हा देवाच्या तरतुदीची भाषा बोलू लागतात, तेव्हा त्यांच्या विश्वासाचा विषय बदलला आहे इतकेच पाहून भागत नाही. विश्वास आणि श्रम यांचा संबंधही त्यांनी नव्याने जोडला आहे काय, हे पाहिले पाहिजे.

दुसरा अनुभव समित्यांचा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यापासून रमाबाईंचा निर्वाह कोणीतरी दुसरे करीत होते, आणि प्रत्येक निर्वाहाला एक अपेक्षा चिकटलेली होती. इंग्लंडातील त्यांच्या आश्रयदात्यांना त्यांनी चर्चच्या शिकवणीत निमूटपणे राहावे असे वाटे. रमाबाईंनी त्यांच्याशी पत्रांतून जो वाद घातला तो प्रसिद्धच आहे. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टन येथे अमेरिकन रमाबाई संघ स्थापन झाला. त्याने दहा वर्षांपर्यंत खर्च देण्याचे मान्य केले, पण संस्था धर्मप्रसार करणारी असू नये ही अट होती. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार लाभले. १८९३ मध्ये विद्यार्थिनींवर ख्रिस्ती धर्माचे संस्कार होत असल्याचा आक्षेप आला, सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक मुली पालकांनी काढून नेल्या. या वादात कोणाची बाजू न्याय्य होती हा प्रश्न निराळा. शारदासदन ज्या समजुतीवर उभारले गेले तीस बाध येतो असे सल्लागारांना वाटणे स्वाभाविकच होते. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, पैसा देणारा आणि धोरण ठरविणारा यांची फारकत होऊ शकत नाही, हे रमाबाईंना दहा वर्षांत तीन वेळा शिकावयास मिळाले.

बॉस्टनची मुदत १८९८ च्या सुमारास संपणार होती. त्यानंतर काय, याची तजवीज म्हणून रमाबाईंनी पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन आधीच घेऊन फळबाग लावण्यास आरंभ केला होता. बागेच्या उत्पन्नावर शारदासदन चालावे हा हेतू होता. ईश्वरी तरतुदीच्या कट्टर पुरस्कर्त्याला ही गोष्ट अडचणीची वाटेल, कारण आंब्याची झाडे लावणे म्हणजे उद्याची चिंता करणेच होय. परंतु याच काळात, लोणावळ्याच्या एका ख्रिस्ती शिबिरात, आपल्या पंधरा ख्रिस्ती मुलींच्या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे त्या दोनशे पंचवीस व्हाव्यात, अशी प्रार्थना केल्याचे रमाबाई सांगतात. झाडे लावणे आणि अशी मोजून मापून मागणी करणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी त्यांच्या मनात नांदत होत्या. त्यांना त्यांत विसंगती दिसली नाही. आपणही ती लादण्याचे कारण नाही.

१८९६–९७ चा दुष्काळ आला आणि दोन्ही योजना मागे पडल्या. रमाबाई मध्यप्रांतात गेल्या व तेथून सुमारे तीनशे निराधार मुली व विधवा त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगमुळे नव्या माणसांना शहरात ठेवण्यास बंदी झाली, तेव्हा या सर्वांना केडगावच्या शेतावर छपरांखाली ठेवावे लागले. मुक्तिसदनाचा प्रारंभ हा असा. बॉस्टनच्या संघाने या खर्चाची हमी घेतलेली नव्हती. त्याची जबाबदारी शारदासदनापुरती होती. केडगावच्या मुलींना कोणीच जामीन नव्हता, आणि याच ठिकाणी रमाबाईंनी म्यूलरचे तत्त्व प्रत्यक्षात आणावयाचे ठरविले. १८९९–१९०० मध्ये गुजरात व राजपुतान्यात दुष्काळ पडल्यावर रहिवाशांची संख्या दीड हजारावर गेली. दोन वेळची जेवणे धरली तरी दिवसाला तीन हजार ताटे होतात. ‘रोजची भाकर’ या शब्दांना असा अंकगणिती अर्थ क्वचितच प्राप्त झाला असेल.

या ताटांचा पुरवठा कोठून झाला? मोठा भाग इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथील लहानमोठ्या देणग्यांचा होता, यात संशय नाही. १८९८ मध्ये रमाबाई अमेरिकेस जाऊन आल्या आणि तेथील संघ नव्या स्वरूपात पुढे चालू राहिला. १८९७ ची दुष्काळाची हकीकत इंग्रजीत होती आणि परदेशी वाचकांपर्यंत पोचली होती. पुढे ‘मुक्ति प्रेयर बेल’ हे इंग्रजी नियतकालिक संस्थेच्याच छापखान्यातून निघू लागले व त्यात सदनाची बातमी आणि गरजा येत. म्यूलरने १८४१ मध्ये जी मर्यादा स्वतःला घालून घेतली, ती रमाबाईंनी पाळलेली दिसत नाही. भुकेलेल्या माणसांविषयी बोलावयाचे नाही हा नियम ब्रिस्टलमध्ये चालला असेल. ज्या बाईने भुकेने आई गमावली होती तिच्या हातून तो पाळला जाणे कठीण होते, आणि आमच्या मते तो न पाळण्यात त्यांचे काहीच चुकले नाही. पण मग ‘केवळ प्रार्थनेने’ हे वर्णन अक्षरशः घेता येत नाही, हेही मान्य केले पाहिजे. या आत्मनिवेदनांचा वाङ्मयप्रकार ‘साक्ष’ हा आहे. साक्षीत मागणी आणि पूर्तता यांच्या जोड्या नोंदल्या जातात; ज्या दिवशी मागितले आणि आले नाही त्या दिवसांची नोंद विरळ असते. अभ्यासकाने या साधनांचा उपयोग ही मर्यादा जाणूनच करावयास हवा.

तरतुदीचा दुसरा भाग मात्र साक्षीपेक्षा इमारतींवरून व हत्यारांवरून अधिक कळतो. केडगावात विहिरी खणल्या गेल्या, धान्य व भाजीपाला पिकविला गेला, गाईम्हशी पाळण्यात आल्या. माग, तेलघाणा, शिवणकाम, धोबीखाना, दळणकांडण, आणि पुढे छापखाना ही कामे रहिवासी स्त्रियांनीच चालविली. अंध मुलींना ब्रेलने वाचावयास व हातांनी वस्तू करावयास शिकविण्यात आले. मिशनच्या अनेक संस्थांत उद्योगशिक्षण होते. केडगावचे वेगळेपण एवढेच की, तेथे प्रार्थना आणि काम यांच्यामध्ये पगारी मध्यस्थ फार थोडे होते. डोंगरे घराण्याला जे करता आले नाही ते करावयास सदनातील प्रत्येक मुलीला शिकविले जात होते. मनूने सर्वांत खालच्या पायऱ्यांपैकी एकीवर बसविलेली शेती येथे प्रार्थनेच्या शेजारी आली. फ्रांकेच्या औषधालयाशी व छापखान्याशी याचे साम्य आहे खरे. पण रमाबाईंच्या बाबतीत अनुकरणापेक्षा आठवणीचा भाग मोठा होता असे आम्हांस वाटते.

या पद्धतीने रमाबाईंना काय मिळाले? पहिले म्हणजे बोलण्याची मोकळीक. १८९७ च्या मे महिन्यात ‘बाँबे गार्डियन’ला लिहिलेल्या पत्रात त्यांनी पुण्यातील प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर उघड टीका केली. प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेले आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले. सरकारी अनुदानावर किंवा मिशनच्या मंडळावर अवलंबून असलेल्या संस्थेच्या चालकाला असे पत्र लिहिताना दोनदा विचार करावा लागला असता. दुसरे म्हणजे पंथांपासून स्वातंत्र्य. मुक्तिसदन कोणत्याही एका चर्चच्या अधिकाराखाली गेले नाही. १९०५ मध्ये तेथे उसळलेली धर्मजागृतीची लाट कोणा बिशपाच्या परवानगीने आली नव्हती. दूरवर विखुरलेले हजारो लहान दाते हे एका मोठ्या दात्यापेक्षा सौम्य धनी असतात. त्यांना धर्मश्रद्धा एक असावी लागते, आणि त्या बाजूने रमाबाईंची भाषा दिवसेंदिवस त्या वाचकवर्गाच्या भाषेशी जुळत गेली हे नाकारता येणार नाही. परंतु दैनंदिन कारभारात ते हात घालू शकत नव्हते.

किंमत कोणी दिली, हाही प्रश्न विचारला पाहिजे. दुष्काळात ख्रिस्ती झालेल्यांवर ‘पोटासाठी बाटले’ हा आरोप महाराष्ट्रात सर्रास होत असे. अन्न मिशनने दिले नाही, देवाने दिले, असे म्हटल्याने देणाऱ्याच्या उपकाराचे ओझे काही अंशी हलके होते, आणि घेणाऱ्याचा मान राखला जातो. तरी पण बारा वर्षांच्या उपाशी मुलीने विश्वासाच्या जीवनाची निवड स्वतःहून केली असे म्हणता येत नाही. बहुतेकींनी मागे लेखन ठेवलेले नाही. त्यांच्याविषयीची आपली माहिती जवळजवळ सर्वस्वी चालकांच्या लेखणीतून आलेली आहे.

तुलनेसाठी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे उदाहरण जवळचे आहे. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले टिळक अनेक वर्षे अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले, ख्रिस्ती संन्याशाचे जीवन पत्करले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारावयास घेतला; दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, त्यांचा अंत झाला. टिळकांच्या निश्चयात परकीय पगाराविषयीचा स्वाभिमान आणि संतपरंपरेचे आकर्षण ही दोन्ही होती. माग आणि विहीर नव्हती. उद्याची काळजी न करणाऱ्या पतीच्या घरात आजचा स्वयंपाक कसा होतो, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त जितके कळते तितके कोणत्याही धर्मग्रंथाच्या भाष्यात कळणार नाही. या विषयाच्या अभ्यासकाने ते पुस्तक आर्थिक इतिहासाचे साधन म्हणूनही वाचावे, अशी आमची सूचना आहे. केडगावात विश्वास ठेवणारी आणि धान्याची कोठी मोजणारी व्यक्ती एकच होती, हा दोन्ही प्रयोगांतील मोठा फरक होय.

रमाबाईंच्या शेवटच्या वर्षांतील सर्वांत मोठे काम बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराचे होते. संस्कृतप्रचुर मराठी खेड्यातील बाईला कळत नाही म्हणून त्यांनी स्वतः हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून ते हाती घेतले. टंक जुळविणे, छापणे, बांधणी ही सर्व कामे सदनातील स्त्रियांनी केली. कन्या मनोरमाबाई १९२१ मध्ये वारल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचा अंत झाला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडला.